सात नावांची पाटी

गेल्या अंकात आमच्या शिरूर तालुक्यातले हुतात्मा विष्णू गणेश पिंगळे यांच्यावर मी चार ओळी लिहिल्या आणि या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं गदर चळवळीचीच निघाली, म्हणजे अमेरिका-कॅनडात गेलेल्या हिंदी मजुरांनी इंग्रजी राज्याविरुद्ध उभारलेल्या चळवळीची. अठ्ठावीस वर्षं मी शिरूर तालुक्यात दहावीला इतिहास शिकवला. पुस्तकात गदर पक्षाला एक परिच्छेद होता, मीही वर्गात त्याला दहा मिनिटंच दिली. निवृत्त झाल्यावर निवांत वाचायला बसले तेव्हा त्या दहा मिनिटांचं फार वाईट वाटलं. बाकीच्या वाचकांनी रागावू नये. त्यांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. हे पान मात्र या वेळी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या त्या माणसांचं.

प्रश्न : गदरवाले बहुतेक लाकडाच्या गिरण्यांतले मजूर होते, असं तुम्ही लिहिलंत. पोटासाठी समुद्र ओलांडून गेलेल्या, जेमतेम शिकलेल्या माणसांना स्वातंत्र्याचा ध्यास लावला कोणी? लाला हरदयाळांनीच ना? (एक वाचक, इचलकरंजी)

ऑक्सफर्डला शिकलेल्या हरदयाळांनी त्यांना शब्द दिले, हे खरं. पण आग आधीच पेटलेली होती आणि ती कुणा पंडितानं लावलेली नव्हती.

हे लोक आले कुठून ते आधी बघा. जालंधर, होशियारपूर, लुधियाना, अमृतसर या जिल्ह्यांतले शेतकरी. बरेचसे इंग्रजांच्या पलटणींत नोकरी करून आलेले. चीन, हाँगकाँग पाहिलेले. साध्या शिपायाला त्या काळी महिन्याला नऊ ते अकरा रुपये पगार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकूड कापणाऱ्या गिरणीत दिवसाला दोनेक डॉलर मिळत, म्हणजे आपले सहा रुपये. महिन्याचा पगार दोन दिवसांत! जमीन गहाण टाकून, सावकाराचं कर्ज काढून माणसं बोटीत बसली ती या हिशेबावर. डोक्यात स्वातंत्र्य नव्हतं. चार वर्षं राबायचं, कर्ज फेडायचं, दोन किल्ले जमीन घ्यायची, एवढाच बेत होता. (किल्ला म्हणजे पंजाबातला साधारण एकर.)

मग 4 सप्टेंबर 1907 ची रात्र आली. वॉशिंग्टन राज्यातलं बेलिंगहॅम हे गिरण्यांचं गाव. 'हे कमी पैशांत राबतात, आमची कामं खातात' असं म्हणत काहीशे गोरे मजूर हिंदी मजुरांच्या राहत्या जागांवर चालून गेले. झोपलेल्या माणसांना अंथरुणातून ओढून बाहेर काढलं, सामान रस्त्यावर फेकलं, कित्येकांना रात्रभर नगरपालिकेच्या तळघरात कोंडून ठेवलं. थोड्याच दिवसांत गावात एकही हिंदी माणूस उरला नाही. शिक्षा कुणालाच झाली नाही.

तीनच दिवसांनी कॅनडात व्हँकुव्हरला चिनी आणि जपानी वस्तीवर असाच हल्ला झाला. माझ्या मते चळवळीचं खरं बीज इथे आहे. जपानी लोकांच्या पाठीशी त्यांचं सरकार उभं राहिलं, बोलणी झाली, नुकसानभरपाई मिळाली. आपल्या लोकांच्या पाठीशी कोण होतं? ज्या साम्राज्यासाठी त्यांनी गोळ्या झेलल्या होत्या, त्याच साम्राज्याचा एक भाग असलेल्या कॅनडानं 1908 मध्ये नियम केला की मायदेशातून थेट, कुठेही बोट न बदलता आलेल्यांनाच उतरता येईल, आणि आशियाई माणसाच्या खिशात दोनशे डॉलर हवेत. हिंदुस्थानातून थेट बोटच नव्हती. 'हिंदी लोकांना बंदी' असं नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं, तरी दार बंद झालं ते त्यांच्याच तोंडावर. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, शिष्टमंडळं गेली. 1909 मध्ये व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्याच्या समितीनं ठराव केला की कुणीही सभासदानं इंग्रजांची पदकं किंवा लष्करी खुणा अंगावर मिरवायच्या नाहीत. पलटणीत हाडं झिजवून मिळवलेलं पदक पेटीच्या तळाशी टाकून देताना त्या माणसाला काय वाटलं असेल, याचा विचार मी फार वेळा केला आहे.

पक्षाचे पहिले अध्यक्ष सोहनसिंग भकना हे स्वतः गिरणीत लाकडं उचलणारे. त्यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. मित्राला घेऊन ते एका गिरणीत काम मागायला गेले. तिथला साहेब म्हणाला, काम आहे, पण तुमच्यासाठी नाही. मग त्यानं विचारलं, तुमच्या देशाची लोकसंख्या किती? तीस कोटी, यांनी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, तीस कोटी माणसं की तीस कोटी मेंढरं? माणसं असता तर गुलाम कशाला राहिला असता? आधी जाऊन देश सोडवा, मग या, मीच तुमचं स्वागत करीन. अपमान करणाऱ्याच्या तोंडून निघालेली ही गोष्ट भकनांना आयुष्यभर पुरली.

हरदयाळ त्यांच्यात आले ते या सगळ्यानंतर. 1913 मध्ये ऑरेगॉन राज्यातल्या मजुरांनी त्यांना बोलावून घेतलं आणि संघटना उभी राहिली. अध्यक्ष भकना, सरचिटणीस हरदयाळ, खजिनदार पंडित काशीराम. नियमांपैकी एक नियम मला फार मोलाचा वाटतो. संघटनेत धर्मावर चर्चा करायची नाही, ज्याचा धर्म त्याच्यापाशी. शीख, हिंदू, मुसलमान एका चुलीवरचं खात होते. 1913 साली आपल्याकडे किती ठिकाणी एका पंगतीत पानं मांडली जात होती, ते आठवून पाहा.

प्रश्न : माझी पस्तीस वर्षं छपाईत गेली, खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत. अमेरिकेत उर्दू आणि गुरुमुखी वर्तमानपत्र त्या काळी छापलं कसं? टाइप कुठून आणला? (एक वाचक, सांगली)

असा प्रश्न छापखान्यातल्या माणसालाच सुचणार! माझ्या मामांचं शिरूरला ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र होतं, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचे. शाईचा आणि रॉकेलचा तो वास अजून नाकात आहे.

'गदर'चा पहिला अंक 1 नोव्हेंबर 1913 ला सॅन फ्रान्सिस्कोतून निघाला, उर्दूत. पत्ता होता 436, हिल स्ट्रीट. घराला नाव दिलं होतं युगांतर आश्रम. डिसेंबरात गुरुमुखी आवृत्ती सुरू झाली, पुढे 1914 मध्ये गुजरातीही. उर्दू तेव्हा खिळ्यांनी जुळवण्यापेक्षा लिथोवर, म्हणजे दगडावरूनच छापत, हे तुम्हाला माहीत असेल. कातीब, म्हणजे सुंदर अक्षरात मजकूर उतरवणारा लेखनिक, खास कागदावर तेलकट शाईनं एकटाकी मजकूर लिहितो, तो दगडावर उलटा उतरवतात, दगड ओला करतात आणि वर शाईचा रूळ फिरवतात. ओल्या जागेवर शाई धरत नाही, अक्षरांवर तेवढी धरते. म्हणजे लिहिणारा हात चांगला हवा आणि फिरवणारा दंड मजबूत हवा. एवढं जमलं की टाइपाची फाउंड्री नको. परक्या मुलखात हे त्यांच्या फार कामाला आलं.

यंत्र हातानं फिरवायचं होतं. ते फिरवणाऱ्यांत एक मुलगा होता, करतारसिंग सराभा, लुधियाना जिल्ह्यातला, बर्कलेला शिकायला आलेला. जन्म मे 1896 चा, म्हणजे पहिला अंक निघाला तेव्हा वय सतरा. गुरुमुखीचा मजकूर करायचा, लिहायचा आणि बाह्या सरसावून यंत्रही ओढायचा. माझ्या वर्गातली अकरावी-बारावीला गेलेली मुलं मला आठवतात आणि त्या वयाचा हा मुलगा डोळ्यांसमोर येतो.

मथळ्यावर छापलेलं असे : 'अंग्रेजी राज का दुश्मन'. पहिल्याच अंकात त्यांनी स्वतःची ओळख दिली ती अशी. आमचं नाव काय? गदर. आमचं काम काय? गदर. तो कुठे होणार? हिंदुस्थानात. गदर म्हणजे बंड. इंग्रज 1857 ला याच शब्दानं हिणवत होते, तोच यांनी कपाळावर लावून घेतला. आणि ती जाहिरात तर तुम्ही ऐकली असेल. हिंदुस्थानात गदर करण्यासाठी शूर शिपाई पाहिजेत. पगार : मृत्यू. बक्षीस : हौतात्म्य. पेन्शन : स्वातंत्र्य. रणांगण : हिंदुस्थान. पलटणीत भरतीच्या जाहिराती वाचलेल्या माणसांसाठी ती लिहिली होती. पगार, बक्षीस, पेन्शन हे शब्द त्यांच्या रोजच्या व्यवहारातले, म्हणून ती थेट काळजाला भिडली.

पण मला त्याहून भावतो तो 'अंग्रेजी राज का कच्चा चिठ्ठा'. इंग्रजी राज्याचा हा हिशेब ते मुद्दे पाडून छापत. देशातून दरसाल किती कोटी बाहेर जातात, शेतसारा किती, दुष्काळात आणि प्लेगात किती मेले. लष्करावर साडेएकोणतीस कोटी आणि आरोग्यावर दोन कोटी, असे ताळेबंदाचे आकडे. शेवटचा मुद्दा असा, की 1857 ला आता छप्पन्न वर्षं झाली. कर्जाचं व्याज बोटांवर मोजणाऱ्या शेतकऱ्याला भाषणापेक्षा हिशेब लवकर पटतो, हे त्या संपादकांना पक्कं ठाऊक होतं.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं काय? संध्याकाळी पाळी सुटल्यावर एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. कविता तर लोक गाऊनच पाठ करत. त्या कवितांची 'गदर दी गूंज' ही पुस्तिका निघाली आणि अंकापेक्षाही लांब पोहोचली. अंक फुकट होता. टपालानं हाँगकाँग, शांघाय, मनिला, सिंगापूर, पनामा, पूर्व आफ्रिका असा जिथे जिथे हिंदी मजूर आणि शिपाई होते तिथे जायचा. हिंदुस्थानात बंदी आली तेव्हा घरच्या पत्राच्या पाकिटात घड्या करून घालू लागले.

प्रश्न : सावरकर, सेनापती बापट यांचं लंडनचं काम आणि गदर ही एकच चळवळ का? (एक वाचक, नाशिक)

एक नव्हे, पण नातं आहे. लंडनचं इंडिया हाउस श्यामजी कृष्ण वर्मांनी 1905 मध्ये उघडलं, ते विद्यार्थ्यांचं घर. तिथे बॅरिस्टर व्हायला आलेली, शिष्यवृत्त्या मिळवलेली तरुण मुलं होती. सावरकर 1906 मध्ये पोहोचले. बापट बॉम्बची कृती मिळवायला पॅरिसला गेले. 1910 नंतर तो अड्डा मोडला. त्यातलेच एक हरदयाळ, ऑक्सफर्डची सरकारी शिष्यवृत्ती लाथाडलेले, पुढे कॅलिफोर्नियात आले. एवढाच दोन्हींना जोडणारा धागा. पण लंडनला पुढारी होते आणि मागे माणसं कमी. पॅसिफिक किनाऱ्यावर हजारो माणसं आधीच तयार होती.

प्रश्न : परदेशात सुरक्षित राहून क्रांतीच्या गप्पा मारणं सोपं असतं. मार खाल्ला तो इथल्यांनी. त्यांचं एवढं कौतुक कशाला? (एक वाचक, पुणे)

हे पत्र वाचून मला राग आला, तो लपवत नाही.

ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा 'गदर'नं हाक दिली, की आता घरी चला, इंग्रज अडकला आहे. कॅलिफोर्नियात सभा झाल्या आणि माणसं बोटींवर चढू लागली. साठवलेले डॉलर पक्षाला देऊन, गिरणीतली आणि शेतावरची कामं टाकून हजारो लोक परत निघाले, फासाकडे. जगाच्या इतिहासात चांगली मजुरी सोडून मरायला मायदेशी परतलेल्या स्थलांतरितांची अशी दुसरी लाट मला तरी माहीत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात 'कोमागाता मारू' ही बोट 376 प्रवासी घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात आली होती. दोन महिने तिला तशीच अडकवून ठेवली, मोजके सोडले तर कुणाला उतरू दिलं नाही, आणि 23 जुलैला परत पाठवलं. 29 सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज इथे ती लागली, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि वीसेक माणसं मारली गेली. ही बातमी वाटेतल्या बोटींवर पोहोचली, तरी त्या बोटी फिरल्या नाहीत. सोहनसिंग भकना ऑक्टोबरात कलकत्त्याला उतरताच पकडले गेले. पुढे अंदमान आणि मग हिंदुस्थानातले तुरुंग, सुटका 1930 मध्ये. फेब्रुवारी 1915 मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फन्ट्रीनं बंड केलं, तिथेही 'गदर'चं वारं पोहोचलेलं होतं. सत्तेचाळीस शिपायांना लोकांसमोर भिंतीपाशी उभं करून गोळ्या घातल्या.

त्यांच्या चुका झाल्या, हेही सांगते. बोटीवर, बंदरात ते उघड बोलत राहिले, आणि त्यांचा अंक पोलीसही वाचत होते. गावी पोहोचल्यावर लोक उठतील असं त्यांना वाटलं, पण गाव उठला नाही. काही शीख पुढाऱ्यांनी तर त्यांना पतित ठरवलं. घरचेच परके झाले, याचं दुःख त्यांना फाशीहून जड गेलं असणार. पण सुरक्षित होते, असं म्हणू नका.

प्रश्न : वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांचं चित्र मेक्सिकोतल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर आहे, असं आजोबा सांगायचे. खरं का? (एक वाचक, वर्धा)

अगदी खरं. मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत दिएगो रिवेरा या थोर चित्रकारानं भिंती रंगवल्या आहेत. त्यात एका चित्रात जेवायला बसलेल्या माणसांच्या मध्यभागी एक जण भाकर मोडतो आहे. ते आपले खानखोजे.

पांडुरंग सदाशिव खानखोजे लोकमान्यांच्या प्रभावातले. विशीतच जपानमार्गे अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियात माउंट तमालपाईस या लष्करी शाळेत शिकले, कारण देश सोडवायचा तर युद्धशास्त्र यायला हवं. त्याचबरोबर शेतीशास्त्रही शिकले, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टनला. तिथेच पंडित काशीराम आणि त्या मजुरांशी ओळख झाली. गदरच्या आधीपासून त्यांना एकत्र बांधू पाहणाऱ्यांत खानखोजे होते, आणि गदरमध्ये लढाऊ बाजूचं काम त्यांच्याकडे आलं. युद्धकाळात ते इराणच्या भागात इंग्रजांविरुद्ध लढत होते. तिथून बर्लिन, मग मॉस्को. मायदेशी परतायची वाट बंद. 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले.

आणि मग या बंदूक शिकलेल्या माणसानं मक्याचं कणीस हातात घेतलं. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. तीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाचे फोटो काढले आहेत. वऱ्हाड-वर्ध्याकडच्या माणसाला पीक आणि माती वेगळी शिकवावी लागत नाही, पण परक्या देशातल्या शेतकऱ्याला ती आपल्या भावासारखी समजावून सांगायला मन मोठं लागतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. देश स्वतंत्र झाल्यावर ते परत यायला निघाले, तर इंग्रजांच्या काळ्या यादीतलं त्यांचं नाव अजून तसंच होतं आणि सुरुवातीला त्यांना परवानगीच नाकारली गेली. ज्या स्वातंत्र्यासाठी चाळीस वर्षं वणवण केली, त्याच्याच दारात ते अडले. पुढे ती चूक दुरुस्त झाली, ते आले, नागपूरला स्थायिक झाले. 1967 मध्ये तिथेच गेले. चापिंगोच्या विद्यापीठात 2022 मध्ये त्यांचा पुतळा बसला. तुमच्या आजोबांनी सांगितलेलं तुम्ही आता तुमच्या नातवंडांना सांगा.

प्रश्न : बाई, मी तुमचा 1996 च्या दहावीच्या तुकडीतला विद्यार्थी. आमच्या मंडळानं 16 नोव्हेंबरला हुतात्मा पिंगळ्यांच्या नावानं गावाच्या वेशीवर पाटी लावायचं ठरवलंय. मजकूर असा : 'आपल्या शिरूर तालुक्याचा सुपुत्र, एकमेव मराठी गदरवीर, पंजाबात जाऊन क्रांती घडवणारा ढाण्या वाघ.' तपासून द्याल का? (एक वाचक, शिरूर तालुका)

बाळा, पत्र वाचून फार बरं वाटलं. पण मजकूर बदलायला हवा. रागावू नकोस, वही तपासते असं समज.

'एकमेव' काढ. वर खानखोज्यांचं वाचलंस ना? 'क्रांती घडवणारा' काढ, कारण क्रांती घडली नाही, तिचा बेत आधीच फुटला. आणि 'वाघ' काढ. तो तेवीस वर्षांचा इंजिनिअरिंग शिकायला गेलेला मुलगा होता, त्याला तसाच राहू दे.

आता नीट ऐक. जन्म 1888, तळेगाव ढमढेरे. शिक्षण समर्थ विद्यालयात, पण ते तळेगाव दाभाड्याला. पाटीवर ही दोन तळेगावं एक करू नकोस, लोक नेहमी करतात. समर्थ विद्यालय ही विजापूरकरांची राष्ट्रीय शाळा, सरकारनं 1910 मध्ये बंद पाडली. 1911 मध्ये विष्णू अमेरिकेला गेला आणि तिथे गदरच्या माणसांत मिसळला. नोव्हेंबर 1914 मध्ये सत्येन सेन यांच्याबरोबर 'सालामिस' बोटीनं कलकत्त्याला उतरला. तिथे बंगाली क्रांतिकारक जतीन मुखर्जींना भेटला, मग काशीला त्यांच्यासारख्याच रासबिहारी बोसांकडे. त्यांनी त्याला पंजाबात पाठवलं. त्याचं मोठं काम हेच. पंजाबात माणसं होती पण पुढारी पकडले गेलेले, बंगाल्यांकडे बॉम्बची विद्या होती पण पलटणीत माणसं नव्हती. या दोघांची गाठ बांधली ती आपल्या भीमाकाठच्या मुलानं.

पलटणींनी उठायची तारीख ठरली 21 फेब्रुवारी 1915. कृपालसिंग नावाचा खबऱ्या आत शिरला होता. संशय आला म्हणून तारीख 19 वर आणली, तीही फुटली. धरपकड झाली. रासबिहारी निसटले, पुढे जपानला गेले. विष्णूही निसटला होता. काशीला पोहोचला होता. तरी तो पुन्हा मेरठला गेला, बाराव्या घोडदळाच्या छावणीत, बॉम्बची पेटी घेऊन. 23 मार्चला तिथेच पकडला गेला. अर्धी पलटण उडवायला पुरतील इतके ते बॉम्ब होते, असं सरकारी अहवालात लिहिलं आहे. सुटल्यावर परत का गेला? मी याच्यावर खूप विचार केला. ज्या शिपायांना त्यानं शब्द दिला होता ते अजून छावणीतच होते. मला तरी याहून दुसरं कारण दिसत नाही.

खटला लाहोरच्या तुरुंगात, खास न्यायमंडळापुढे चालला. पंच नाहीत, अपील नाही. 13 सप्टेंबर 1915 ला चोवीस जणांना फाशी सुनावली. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी सतरा जणांची जन्मठेप केली. राहिले सात. 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोर मध्यवर्ती तुरुंगात त्यांना फाशी दिली. सराभा एकोणीस वर्षांचा, आपला विष्णू सत्तावीसचा.

आता तुला पाटी का बदलायला सांगते ते. निवृत्तीनंतर मी जालंधरला गेले होते. तिथे गदरवाल्यांच्या स्मृतीसाठी देशभगत यादगार हॉल आहे, दरवर्षी 1 नोव्हेंबरला, म्हणजे पहिला अंक निघाला त्या दिवशी, तिथे 'गदरी बाबेयां दा मेला' भरतो. जत्राच ती. ट्रॅक्टरवरून, बसमधून गावंच्या गावं आलेली, पुस्तकांच्या राहुट्या, लंगरच्या पंगती. हुतात्म्यांच्या फोटोंपुढे मी उभी होते. नावं गुरुमुखीत, मला वाचता येईनात. मागून एक म्हातारे बाबा आले, कापूस वेचून भेगाळलेलं बोट फोटोखाली टेकवत एकेक नाव वाचू लागले. शेवटी बोट थांबलं, म्हणाले, 'विष्णू गणेश पिंगळे. पूना.' मी सांगितलं, मी त्याच तालुक्यातली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. मला नाही, माझ्या गावाला. मग विचारलं, 'तुमच्याकडे आमच्या पोरांचीही नावं घेतात ना?'

मी काहीच बोलू शकले नाही.

म्हणून पाटीवर त्याचं एकट्याचं नाव लावू नकोस. तिघे एकाच गावचे आहेत, गिलवालीचे, आणि त्यातल्या दोघांचं नावही एकच आहे, तेव्हा रंगाऱ्याला चुकून एक गाळू देऊ नकोस. भट्टी गोराया आता पाकिस्तानात आहे, तरी ते नाव तसंच ठेव. अक्षर सगळ्यांचं एकाच मापाचं. मजकूर हा घे :

लाहोर मध्यवर्ती तुरुंग, 16 नोव्हेंबर 1915

बक्षीससिंग, गिलवाली
सुरैणसिंग (वडील बूरसिंग), गिलवाली
सुरैणसिंग (वडील ईशरसिंग), गिलवाली
हरनामसिंग, भट्टी गोराया
जगतसिंग, सुरसिंग
करतारसिंग, सराभा
विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेरे

रंग देण्याआधी कच्चा मजकूर मला दाखवायला घेऊन ये. दुपारी चारनंतर मी घरीच असते.